काळ्या दोऱ्याचा खण

मी एक जुनं, सात खणांचं सागवानी कपाट आहे. मित्रांनो, मला भिंतीचा आधार लागत नाही, माझ्या चार पायांवर मी खुशाल उभा असतो. पण स्वभावाने मी पहिल्यापासून घाबरट. कुणी दार आपटलं तरी माझे सातही खण खडखडतात. तेव्हा आयुष्यात मला धक्के किती बसले असतील, तुम्हीच विचार करा. त्यातला सर्वांत मोठा धक्का मला एका वाढदिवसाच्या भेटीने दिला.

आधी माझ्या जन्माचं सांगतो. सुताराच्या कारखान्यात एक दिवस एक बाई आल्या. त्या घरी शिवणकाम करत. गल्लीतले सगळे त्यांना काकू म्हणत, म्हणून मीही काकूच म्हणतो. मापं त्यांनी स्वतःच टेपने घेऊन आणली होती. मशीनसमोर बसल्या बसल्या हात पोचेल एवढीच माझी उंची हवी होती, आणि घर भाड्याचं असल्यामुळे भिंतीत ठोकलेलं काही नको होतं. सातही खण एकाच मापाचे हवे होते. सुताराने मला कागदावर काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. मग काकूंनी आवाज हळू केला.

"प्रत्येक खणाची मूठ मात्र वेगळी करा. हाताला कळेल अशी."

सुताराने पेन्सिल कानामागे खोचली. "काकू, लोक हसतील हो."

"हसतील त्यांचे दात दिसतील," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणालेत, माझी नजर हळूहळू जाणार. आधी रंग जातील. औषध नाही. मुलाला कळलं तर तो मला मशीनवर बसूच देणार नाही. तुम्ही कुणाकडे बोलू नका."

मी तेव्हा नुसता फळ्यांचा ढीग होतो, तरी ऐकून हबकलो.  सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं आणि खिळा न वापरता सांधे बसवले. मुठींवर मात्र त्याने तीन दिवस घालवले. प्रत्येक मूठ कोरून झाली की तो डोळे मिटून चाचपायचा. दोन मुठी सारख्या वाटल्या की त्यातली एक सरळ भुशात भिरकावायचा. शेवटी पांढऱ्या दोऱ्याच्या खणाला गोल मूठ लागली, काळ्याच्या खणाला चौकोनी, लालच्या खणाला तीन खाचांची आणि निळ्याच्या खणाला लांबट. बटणं, सुया आणि कात्री यांच्या खणांनाही आपापल्या तऱ्हेच्या मुठी मिळाल्या.

मी घरी आलो आणि शेजारणींनी तोंडाला पदर लावले. "काकू, सुताराने उरल्यासुरल्या मुठी तुमच्या गळ्यात मारल्या वाटतं!" मी अगदी कानकोंडा झालो. काकूही त्यांच्याबरोबर हसल्या.

पुढे डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. काकूंना माणसं अंधुक दिसत, पण रंग एकेक करून पुसले गेले. तरी मशीन थांबलं नाही. हवे ते खण पुरते बाहेर काढून त्या मांडीवर घेत आणि काम झालं की सापडेल त्या जागी सरकवून देत. खण वर गेला काय नि खाली गेला काय, मूठ त्याच्याबरोबर असायची. गिऱ्हाईक आलं की काकू कापडावर हात फिरवत विचारायच्या, "या रंगाला काय म्हणायचं गं हल्ली?" गिऱ्हाईक हौसेने रंगाचं नाव सांगायचं. काकूंचं हे नाटक वर्षानुवर्षं वठत होतं आणि मी त्यांचा एकुलता एक साथीदार होतो. मला त्याचा फार अभिमान होता.

मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायचा. सुटीला आला की तो आईच्या हातचं जेवायचा आणि आईने शिवलेले शर्ट घेऊन जायचा. त्याला कसलीच शंका आली नाही.

आईचा पासष्टावा वाढदिवस जवळ आला. काकू चार दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. तेवढ्यात मुलगा आला, आणि बरोबर एक रंगारी घेऊन आला! "आई आयुष्यभर हे गबाळं कपाट बघत बसलीये," तो म्हणाला. "एकदम नवं करून टाका."

मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. रंगाऱ्याने माझे खण ओढून जमिनीवर मांडले आणि मुठी उपटायला सुरुवात केली. चौकोनी मूठ निघेना, तर त्याने तिच्यावर हातोडी मारली. ती फुटल्याचा आवाज अजून माझ्या लाकडात आहे. मग मला पांढराशुभ्र रंग लावला आणि सातही खणांना सात चकचकीत, अगदी सारख्या स्टीलच्या मुठी बसवल्या. मी आरशासारखा झळकत होतो आणि भीतीने मेलो होतो.

काकू परत आल्या. "डोळे मिट," मुलगा म्हणाला. "हं, आता उघड!"

काकूंनी डोळे उघडले आणि सवयीने हात पुढे केला. बोटं एका मुठीवर गेली, मग खालचीवर, मग तिच्याही खालचीवर. बोटं पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. तोंडाने मात्र त्या म्हणाल्या, "किती छान केलंस रे!"

दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरची नर्स तिचा नवा कोट न्यायला आली. तो काकूंनी आदल्या रात्रीच अंदाजाने रीळ निवडून पुरा केला होता. घडी उलगडली आणि ती बघतच राहिली. "काकू, पांढऱ्या कोटाला काळा दोरा?"

मुलगा हसला. "आई, ही कुठली नवी फॅशन काढलीस?"

काकूंनी शिवणीवरून अंगठा फिरवला. मग हळूच विचारलं, "काळा आहे का तो?"

 मुलाचा चेहरा माझ्या रंगाहून पांढरा पडला. कोट परत मशीनवर ठेवून नर्स हळूच बाहेर गेली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"हे कपाट आलं त्याच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"घेऊन गेलो असतो तुला. या मशीनला हात लावू दिला नसता!"

"म्हणूनच नाही सांगितलं. आता जरा बाजूला हो, तो कोट उसवायचाय मला."

मुलगा बघत राहिला. काकूंनी बोटांनी टाका शोधला, कात्रीचं टोक घातलं, आणि कापडाला ओरखडाही न पडता शिवण सुटत गेली. मग त्यांनी माझ्यातली चार रिळं काढून त्याच्यासमोर धरली. "एवढं सांग, यातलं पांढरं कुठलं?" त्याने ते उचलून त्यांच्या हातात दिलं. काकूंनी पुन्हा शिवण घातली, सरळ, एक टाकाही तिरका नाही. शिवण संपेपर्यंत मुलगा जागचा हलला नाही. मग उठून जुन्या मुठी आणायला रंगाऱ्याकडे धावला.

रंगाच्या रिकाम्या डब्यात सहा मुठी मिळाल्या. काकू एकेक चाचपून कुठे लावायची ते सांगत होत्या आणि मुलगा बसवत होता. शेवटी काळ्या दोऱ्याचा खण उरला. त्याची स्टीलची मूठ काढली, तर खाली हातोडीने पडलेलं, बोट जाईल एवढं भोक.

"मी नवी करून आणतो," तो म्हणाला. "तशीच चौकोनी."

काकूंनी भोकात बोट अडकवून खण ओढला. तो अलगद बाहेर आला. "कशाला? हे तर चटकन कळतंय."

जाताना मुलाने डोळे मिटले, माझ्या अंगावरून हात फिरवला आणि काळ्या दोऱ्याचा खण शोधून काढला. "मशीनला तेल घालून ठेवलंय," एवढंच म्हणून तो एकटाच गाडीला गेला.

मित्रांनो, कुणाची जुनी वस्तू नवी करावीशी वाटली, तर तिला रोज हात लावणाऱ्या माणसाला आधी विचारा. भेट म्हणून केलं तरी विचारा. माझा पांढरा रंग आता कडांना उडायला लागलाय. पण त्या भोकात कधी धूळ साचलेली नाही, कारण रोज एक बोट तिथे येतं.