ऑर्लिनच्या गाडीचे वैद्य

ऑर्लिनच्या धाकट्या लेकीचं, कार्लाचं, दुसरं लग्न झालं ते साल. त्याच उन्हाळ्यात गावाला शंभर वर्षं भरली आणि ऑर्लिनने आपली एकोणऐंशी सालची हिरवी गाडी बॉनेट उघडं ठेवून मिरवणुकीत काढली. आतला पत्रा त्याने स्वतः ब्रशने रंगवला होता. तिसरं बक्षीस मिळालं. गाड्या तीनच होत्या.

ऑक्टोबर लागला आणि गाडीला झटके येऊ लागले. चालता चालता दिवे मंद व्हायचे, समोरच्या मीटरचे काटे खाली पडायचे आणि इंजिन गप्प. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू, जणू काही घडलंच नाही. आणि हे व्हायचं ते नेमकं बायकोला, आर्डिसला, डायलिसिसला नेताना. आठवड्यातून तीनदा, चाळीस मैल, पहाटेच्या अंधारात.

कार्लाने फोनवर सांगून टाकलं, "बाबा, आई आणखी एकदा रस्त्यात अडकली, तर तुम्हा दोघांना शहरात आणणार. हॉस्पिटलसमोर म्हाताऱ्यांसाठी खोल्या आहेत. माझं बोलणं झालंय."

"आणि तुझ्या आईची बाग?"

"खिडकीत कुंडी ठेवता येते."

ऑर्लिनची त्या रात्री झोप उडाली.

पेट्रोल पंपावर सकाळी कॉफीला म्हातारे जमत. सेल्मरने तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेले. तो म्हणाला, "बॅटरी." ऑर्लिनने बॅटरी बदलली. ड्यूएन म्हणाला, "अल्टरनेटर असणार." तोही बदलला. मग कॉइल. त्या मुलखात कुणी कुणाला तोंडावर 'तुझं चुकतंय' म्हणत नाही. 'तसंही असेल' म्हणतात. त्यामुळे प्रत्येक वैद्याचा मान राहिला आणि गाडीला दर आठवड्याला नवा भाग मिळाला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

प्रत्येक उपचारानंतर सगळे गाडीत दाटीवाटीने बसून धान्याच्या कोठारापर्यंत चक्कर मारून येत. गाडी घोड्यासारखी पळे.

"झालं बघ," सेल्मर म्हणे.

मंगळवारी ती रेल्वे फाटकाजवळच्या बीटच्या शेताकडेला मरून पडे.

चौथ्या आठवड्यात आर्डिस पंपावर गाडीतच बसून होती. तिने काच खाली केली.

"ऑर्लिन, तुम्ही चक्कर मारता तेव्हा हीटर कोण लावतं?"

सेल्मर हसला. "हीटर? ऑक्टोबरात? आम्ही अजून जिवंत आहोत, आर्डिस." थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधी हीटर लावणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं, अशी तिथल्या पुरुषांची समजूत.

"मी लावते. माझं रक्त बाहेर काढून धुतात, मला थंडी वाजते. हीटर आणि दिवे दोन्ही चालू असले की रेल्वे फाटकाच्या धक्क्याला गाडी मरते. महिनाभर सांगतेय."

"मला कधी सांगितलंस?" ऑर्लिनने विचारलं.

"सांगितलं. तू तेव्हा बॅटरीचं बोलत होतास."

मग ऑर्लिनशेजारी आर्डिस आणि मागे कोट घातलेले सेल्मर आणि ड्यूएन असे सगळे निघाले. हीटर पूर्ण, दिवे चालू. सेल्मर घामाने निथळला, पण खिडकी उघडायची सोय नव्हती. आर्डिस बघत होती. फाटकावर चाकं आदळली, दिवे मंदावले, गाडी मेली.

ऑर्लिनने बॉनेट उघडलं. आर्डिस काठी टेकत खाली उतरली.

"ही जाड तार कुठे जाते?"

"पत्र्याला. वीज त्यातूनच परत बॅटरीकडे येते."

"रंगातून?"

ऑर्लिन तारेच्या बोल्टकडे बघत राहिला. "मिरवणुकीसाठी काढली होती जरा."

"आणि खालीही रंगवलंस?"

"नीटच करायचं म्हटल्यावर…"

रंगातून इंजिनपुरती वीज कशीबशी जात होती, हीटर आणि दिव्यांपुरती नाही. सेल्मरने मुकाट्याने खिशातला पाना दिला. बोल्ट काढून ऑर्लिनने चाकूने रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, बोल्ट करकचून आवळला. हीटर लावून ते फाटकावरून सहा वेळा गेले. दिवा लुकलुकलाही नाही.

"तसंही असेल," ड्यूएन म्हणाला.

घरी येऊन ऑर्लिनने कार्लाला फोन केला. खोली नको म्हणून सांगितलं. कार्ला म्हणाली, बघू, आणि तीन हिवाळे बघतच राहिली. तेवढे दिवस आर्डिस त्याच गाडीतून, हीटर लावून, जात-येत होती. दोन हजार एक सालच्या एप्रिलच्या नऊ तारखेला, सोमवारी सकाळी, आर्डिस आपल्या घरात, आपल्या पलंगावर वारली.