वहीतले चार आणि माझे तेवीस

मी तापमापक बोलतोय. काखेत धरून ताप बघतात तो नव्हे. त्याचं नशीब मोठं, त्याचा आकडा ऐकायला अख्खं घर गोळा होतं. मी दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजचा तापमापक. काडेपेटीहून जरासा मोठा, पांढरा, पोटात एक चपटा सेल. माझा चेहरा फ्रिजच्या दारावर चिकटवलेला, आणि माझी बारीक वायर दाराच्या फटीतून आत, थेट लसींच्या कुप्यांमध्ये. आत किती गार आहे ते मला कळतं आणि मी ते तोंडावर सांगतो. तेवढंच माझं काम.

कारखान्यात एका तपासनीस बाईंनी माझी वायर बर्फाच्या पाण्यात बुडवली होती. मी शून्य दाखवलं. त्यांनी माझ्या पाठीवर हिरवा ठिपका लावला आणि मला खोक्यात घातलं. माझी ही पहिली परीक्षा. दुसरी पुढे द्यावी लागली, आणि ती जास्त अवघड होती.

ज्या दवाखान्यात मी आलो, तो साधा. बाहेर दोन बाकं, एक काउंटर, आत डॉक्टरबाईंची खोली आणि तिच्या बाजूला इंजेक्शनची खोली. फ्रिज तिथेच. डॉक्टरबाईंनी मला स्वतःच्या हाताने दारावर बसवलं आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, "दोन ते आठ. दोनच्या खाली नाही, आठच्या वर नाही. रोज सकाळ-संध्याकाळ बघायचं आणि वहीत लिहायचं. लस गरम झाली की तिचं पाणी होतं, आणि दिसते मात्र तश्शीच."

फ्रिजच्या बाजूला खिळ्याला एक वही टांगली गेली, तिला दोरीने बांधलेलं पेन. सुरुवातीचे महिने फार सुखाचे गेले. थोरल्या सिस्टर वाकायच्या, चष्मा वर करायच्या, वाचायच्या आणि लिहायच्या : ३.६, ५.१, ४.४. आपलं बोलणं कोणीतरी जसंच्या तसं लिहून घेतंय, याचं सुख काय असतं ते मला विचारा.

मग थोरल्या सिस्टर निवृत्त झाल्या. वही काउंटरवरच्या काकूंकडे आली.

काकूंबद्दल वाईट बोलणं मला जमणार नाही. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यांना पाठ. कोणाच्या आजोबांना जिना चढवत नाही, कोणाला सुईची भीती वाटते, सगळं लक्षात. पण त्यांना दम खायला वेळ नव्हता. एकदा त्यांनी पाहिलं, चार. दुसऱ्या दिवशी पाहिलं, चार. तिसऱ्या दिवशी न बघताच लिहिलं, चार. पुढे तर सोमवारी सकाळी बसून त्या अख्ख्या आठवड्याचे चार लिहून मोकळ्या व्हायच्या. "एकदाच लिहून टाकलं की कटकट नाही," म्हणायच्या. महिनाअखेरीस डॉक्टरबाई पानाखाली सही करायच्या. पान बघायला छान वाटायचं. खाडाखोड नाही, रांगेत उभे चार, चार, चार.

मी मात्र दारावर बोलत होतो. ३.९. ५.४. ६.२. अहो, काउंटरपासून फ्रिज सात पावलं होता! सात पावलं चालायची आणि दोन आकडे वाचायचे. त्यासाठी ना शिक्षण लागतं, ना यंत्रसामग्री. मला तेव्हा फार राग यायचा.

त्याच सुमारास बाजूच्या दुकानात तारा जळून आग लागली. डॉक्टरबाई घाबरल्या आणि त्यांनी दरवाजाजवळ पाटी लावली : "दवाखाना बंद करताना सर्व बटणे बंद करावीत." जुन्या लोकांना ठाऊक होतं, सर्व म्हणजे फ्रिज सोडून सर्व. पण साफसफाईला नव्या मावशी लागल्या होत्या. मावशींनी पाटी नीट वाचली आणि पाटीत लिहिलंय तेच केलं. शनिवारी दुपारी निघताना पंखा बंद, दिवे बंद, फ्रिज बंद. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पुन्हा सगळं चालू.

त्या रविवारी मी काय काय ओरडलो! आठ. बारा. सतरा. तेवीस. माझा स्वतःचा सेल होता, म्हणून मी जागा राहिलो. पण बंद दवाखान्यात माझं ऐकणार कोण? सोमवारी लोक येईपर्यंत फ्रिज परत गार व्हायला लागलेला असायचा, आणि वहीत चार. असे तीन रविवार गेले. मधल्या दिवसांत त्याच कुप्यांतून बाळांना लस दिली जात होती. आया समाधानाने घरी जात होत्या, आपलं लेकरू आता सुरक्षित आहे म्हणून. आणि मला ओरडता येत होतं, फक्त आकड्यांत.

तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी नव्या सिस्टर कामावर आल्या. कॉलेजातून नुकत्या बाहेर पडलेल्या, चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. आल्या आल्या माझ्यासमोर वाकल्या. माझ्या अंगावर एक छोटं बटण आहे. ते दाबलं की मागच्या दिवसांतला सगळ्यांत जास्त आकडा मी दाखवतो. ते बटण थोरल्या सिस्टर गेल्यापासून कोणी दाबलं नव्हतं. नव्या सिस्टरांनी दाबलं.

तेवीस.

त्यांनी वही उघडली. चार, चार, चार. येत्या शनिवारपर्यंत चार.

"काकू, आज सोमवार ना? मग शुक्रवारचं तापमान तुम्हाला कसं कळलं?"

काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अहो सिस्टर, आल्या दिवशीच तपासणी काढलीत होय? चारच असतं हो रोज!"

"हा तेवीस दाखवतोय."

"तो म्हातारा झालाय. काहीही दाखवतो."

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. "बिघडला असेल," त्या म्हणाल्या. "नवीन मागवू." मला त्यांचा राग नाही आला, मला त्यांची भीती दिसली. मी बिघडलो असेन तर सगळं ठीक होतं. मी खरा असेन तर मधल्या दिवसांतली बाळं लसीवाचूनच राहिली होती.

नव्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, दहा मिनिटं द्या." समोरच्या सरबतवाल्याकडून त्यांनी पेलाभर बर्फ आणला, पाणी ओतलं, ढवळलं आणि माझी वायर त्यात सोडली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे. आयुष्यात पहिल्यांदाच एवढे लोक माझ्याकडे बघत होते. मी हळूहळू उतरत गेलो. तीन. दोन. एक. शून्य. आणि शून्यावर घट्ट उभा राहिलो.

"हा खोटं बोलत नाहीये," सिस्टर म्हणाल्या. "मग कधी झालं हे? किती दिवस?"

वहीला विचारून उपयोग नव्हता. वहीला चारच ठाऊक.

दारात फडकं घेऊन मावशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. नोकरीला लागून पुरता महिना झाला नव्हता, आणि गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काही कळलंही नसतं. तरी त्या पुढे आल्या.

"बाई, सोमवारी सोमवारी फ्रिजखाली पाणी असतं. मी पुसते. मला वाटलं, गळतो. पण… शनिवारी मी बटण बंद करते त्याचं. पाटीवर लिहिलंय ना. मी लागल्यापासून तीन शनिवार झाले. माझंच चुकलं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ वहीवरच्या आपल्या सहीवरून बोट फिरवत राहिल्या.

"पाटी मी लिहिली," त्या शेवटी म्हणाल्या. "वही न वाचता सही मी केली. मावशी, तुम्ही बोललात म्हणून तारीख तरी कळली. नाहीतर मी कुठून सुरुवात केली असती?"

फ्रिजमधल्या सगळ्या कुप्या बाहेर निघाल्या, खोक्यात बंद झाल्या. लस पुरवणाऱ्या आरोग्य कार्यालयाला फोन गेला. तिकडून उत्तर आलं : या कुप्या वापरू नका, नव्या पाठवतो, बाळांना लस परत द्या, परत दिल्याने अपाय नाही. बाळं होती एकोणीस. डॉक्टरबाईंनी फोन कोणाकडे सोपवला नाही. प्रत्येक फोनवर तेच वाक्य, स्वतः : "आमच्याकडून चूक झाली आहे. तुमच्या बाळाला दिलेली लस खराब झालेली असू शकते. कृपया परत या."

एक बाबा बाळाला खांद्यावर टाकून तरातरा आले. "एकदा रडवलंत ते कमी पडलं का? गप्प बसला असतात तर आम्हाला काय कळणार होतं?"

"म्हणूनच गप्प बसले नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाबा बाकावर बसले आणि बाळाची बाही वर केली.

अठरा आली. एकोणिसाव्याचा फोन लागेना. काकूंनी पत्ता वाचून दाखवला, तशा मावशी म्हणाल्या, "अहो, हे तर माझ्या मागच्या गल्लीतलं पोर! संध्याकाळी आणते." आणि आणलं. त्या बाळाने लस घेताना जो टाहो फोडला, त्याहून गोड आवाज मी ऐकलेला नाही.

त्या दिवसानंतर पाटी बदलली. फ्रिजच्या बटणावर लाल पट्टी आली : "हे कधीच बंद करायचं नाही." मजकूर मावशींनी सुचवला होता. वही मात्र काकूंनी स्वतःहून मागून घेतली. "माझी चूक मीच निस्तरणार," म्हणाल्या. रोज सात पावलं चालत यायच्या, वाकायच्या, गुडघ्याला शिव्या द्यायच्या आणि माझं बोलणं लिहून घ्यायच्या. ४.७. ३.८. ६.०. पान आता ओबडधोबड दिसायचं, आणि मला फार देखणं वाटायचं.

आता माझे आकडे फिके पडलेत. माझ्या जागी नवा आलाय. गरम झालं की तो चिवचिवाट करतो आणि थेट डॉक्टरबाईंच्या मोबाइलवर निरोप धाडतो. मला टाकून दिलं नाही. सिस्टरांच्या टेबलावर त्या जुन्या वहीशेजारी मी असतो. कामावर नवं कोणी आलं की सिस्टर बर्फाचा पेला आणतात, माझी दुसरी परीक्षा सांगतात आणि मग वही उघडतात.

आधी चारांचं पान दाखवतात. नंतर एक दुसरं पान. त्यात एका संध्याकाळच्या रकान्यात आकडा नाही. तिथे काकूंच्या अक्षरात लिहिलंय : "आज गर्दीत बघायचं राहून गेलं." खाली त्यांची सही.

माझ्या अख्ख्या आयुष्यात माझ्याबद्दल लिहिलेली सगळ्यांत खरी ओळ ती. ज्यांनी मला वाचलं त्यांचे माझ्यावर उपकार आहेतच. पण ज्या संध्याकाळी वाचलं नाही आणि तसं लिहून ठेवलं, त्या संध्याकाळच्या काकूंचे सगळ्यांत जास्त. तुमच्याही हाती अशी एखादी वही असेल. बघितलं असेल तर आकडा लिहा. नसेल, तर तसं लिहा. मला दोन्ही चालतं.