ईलिंगच्या दारावरचं नाव

मित्रांनो, लंडनच्या ईलिंग भागातल्या एका विटांच्या घराच्या दाराशेजारी मी आयुष्य काढलं. मी दगडी पाटी. वेल्सच्या डोंगरातली काळी स्लेट कापून मला घडवलं, छिन्नीने माझ्यावर 'स्टुअर्ट' हे नाव कोरलं आणि अक्षरांत पांढरा रंग भरला. मला लावणारे स्टुअर्ट आजोबा स्कॉटलंडचे होते. ते गेले, घर विकलं गेलं, आणि डॉक्टर हरीश कारखानीस आपली पत्नी मंजिरी आणि लहानगी ईशानी यांना घेऊन इथे राहायला आले.

एका रविवारी डॉक्टर स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. तेवढ्यात मंजिरीताई धावत बाहेर आल्या. त्या नुकत्याच कौन्सिलच्या लायब्ररीत कामाला लागल्या होत्या.

"अहो, काढू नका ती! कालच वाचलंय मी. स्टुअर्ट म्हणजे इथलं राजघराणं. आधी स्कॉटलंडचं, मग इंग्लंडचंही."

"मग आपला काय संबंध?"

"ऐका तर! मूळ शब्द स्ट्युअर्ड. म्हणजे घर राखणारा, कारभारी. राजाच्या पदरी बापामागून मुलगा असे कारभारी होते हे लोक. हुद्द्याचंच आडनाव झालं. पुढे राजाची मुलगी कारभाऱ्याच्या घरात दिली आणि तिचा मुलगा गादीवर बसला. मग त्यांची एक राणी फ्रान्समध्ये वाढली, तेव्हापासून हे असं फ्रेंच वळणाचं स्पेलिंग. हुद्द्याचं आडनाव, आपल्या कारखानीस, फडणीसांसारखंच की!"

डॉक्टर हसले. स्क्रूड्रायव्हर खिशात गेला आणि मी वाचले.

इथे स्टुअर्ट हे आडनावही असतं आणि मुलांचं नावही. त्यामुळे नवा पोस्टमन डॉक्टरांना खुशाल 'मिस्टर स्टुअर्ट' म्हणे, आणि तेही त्याला दुरुस्त करत नसत. दिवाळीला मंजिरीताई मला ओल्या फडक्याने पुसत, माझ्या खाली रांगोळी काढत. पाहुणे माझ्याबद्दल विचारत आणि त्या राजघराण्याची सगळी हकिकत पुन्हा रंगवून सांगत. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटे. डॉक्टर मात्र अशा वेळी क्वचितच घरी असत. त्यांना हॉस्पिटलमधून यायला नेहमी उशीर होई, आणि मंजिरीताई दाराशी वाट बघत उभ्या राहत.

ईशानी लग्न होऊन लंडनमध्येच, एजवेअरला गेली. डॉक्टर निवृत्त झाले. आता कुठे ते दिवसभर घरी असणार, तर मंजिरीताई विसरू लागल्या. आधी शब्द, मग माणसं. कोट चढवून त्या पायरीवर येत आणि "मला घरी जायचंय" म्हणत.

एका दुपारी डॉक्टर भाजी घेऊन परतले, तर दाराला आतून साखळी. फटीतून मंजिरीताईंचा डोळा दिसत होता.

"कोण तुम्ही?"

"अगं, मी हरीश."

"खोटं बोलू नका! आमचे डॉक्टर ड्युटीवर आहेत. जा, नाहीतर पोलिसांना बोलावीन!"

डॉक्टरांनी लग्नाची आठवण दिली, ईशानीचं नाव घेतलं. ते जितकं सांगत, तितक्या त्या बिचाऱ्या जास्तच घाबरत. शेवटी ते मेथीची जुडी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. चेहरा ओंजळीत झाकून बराच वेळ बसले. मग उठले, केस सारखे केले आणि अगदी परक्या, अदबीच्या आवाजात म्हणाले,

"बाई, मी स्टुअर्ट. या घराचा कारभारी."

साखळी निघाली. "मग आधी सांगायचं ना! या, आत या. किती गार आहे बाहेर."

त्या दिवसापासून डॉक्टर आपल्याच घरात स्टुअर्ट झाले. मंजिरीताईंना जेवू घालत, औषध देत, अहो-जाहो करत. ऊन पडलं की दोघं दाराशेजारच्या बाकावर बसत.

"आमचे डॉक्टर फार चांगले आहेत हो," त्या सांगत. "पण वेळेवर येत नाहीत."

"येतील, बाई," डॉक्टर म्हणत आणि फाटकाकडे बघत राहत.

एकदा ईशानीने हे ऐकलं. "बाबा, आय कान्ट वॉच धिस. तुम्ही तिचा नवरा आहात! सांगा ना तिला."

"सांगून पाहिलं गं. नवरा म्हटलं की घाबरते. कारभाऱ्याला घरात तरी घेते."

मला पुसायचं आता कुणाला सुचत नव्हतं. माझ्या अक्षरांत शेवाळ धरलं. मला त्याचं दुःख झालं नाही. त्या घरात त्याहून मोठं दुःख होतं.

या हिवाळ्यात डॉक्टर दूध आणायला निघाले आणि माझ्यासमोरच पायरीवर कोसळले. अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण उपयोग झाला नाही.

वेम्बलीहून, एजवेअरहून मंडळी भेटायला आली. दाराशी बुटांचा ढीग पाहून मंजिरीताई बाहेर आल्या आणि ईशानीचा हात धरून हळूच म्हणाल्या,

"कोण गेलं गं?"

ईशानीने तोंड उघडलं, 'बाबा' म्हणायला. मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली.

"स्टुअर्ट गेले, आई."

मंजिरीताई मटकन पायरीवर बसल्या आणि हंबरडा फोडून रडल्या. माझ्या आयुष्यात मी कुणाला तसं रडताना ऐकलं नव्हतं.

"किती केलं गं त्यांनी माझं," त्या म्हणत होत्या. "आता डॉक्टर आले की त्यांना कोण सांगणार?"

ईशानी त्यांना कुशीत घेऊन तिथेच बसून राहिली.

मित्रांनो, मी दगड आहे, माझ्यावर एकच नाव टिकतं. तुमचं तसं नाही. तुमच्या घरात कुणी तुमचं नाव विसरलं, तर रुसू नका. ते ज्या नावाला दार उघडतील, ते नाव सांगा आणि आत जा.