अपिलाचा निकाल लागेपर्यंत

मार्लीस हेक्किलाने विद्यापीठाच्या तळघरातल्या हौदांत स्टर्जन मासे अंड्यांपासून वाढवले होते. बर्फगार पाण्यात त्यांची वाढ कशी होते, यावर तिची डॉक्टरेट अवलंबून होती. काम संपत आलं आणि ऐन जानेवारीत वॉशिंग्टनहून येणारं सरकारी अनुदान थांबलं. तिचं विद्यावेतन त्यातूनच यायचं, माशांचं खाद्यही.

"अपील केलंय," तिचे मार्गदर्शक ऑर्विल बेटन म्हणाले. "निकाल लागेपर्यंत मासे जगले पाहिजेत. तेच मेले तर भांडायचं कशासाठी?"

"आणि मी कशावर जगू?"

ऑर्विल चष्मा पुसत राहिले. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना तळघराचा जिना उतरवत नव्हता. प्रयोगशाळेतले मासे जवळच्या सरोवरात सोडायला बंदी होती, आणि फुकट सांभाळायला कोणी तयार नव्हतं.

तेवढ्यात दक्षिणेकडच्या ग्रीन बे शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात पाणी तपासायची नोकरी चालून आली. मार्लीसने मुदत मागितली, मग पुन्हा मागितली.

"मार्ली, त्या माशांना तुझ्याआधी जेवायला मिळतं," आई करवादली. "कुणी कोंडून ठेवलंय का तुला? दार उघडं आहे, निघ की!"

"उघडं आहे गं. बंद असतं तर निदान कुणाला शिव्या तरी घालता आल्या असत्या."

शेवटी तिने नोकरी घेतली आणि रुजू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, गाडीत सामान भरलं. ऑर्विलना म्हणाली, "उद्यापासून तुमचं तुम्ही बघा." तेही म्हणाले, "जा पोरी, मागे वळून बघू नकोस."

वाटेत वादळाने गाठलं. पेट्रोल पंपावर कुणीतरी म्हणालं, उत्तरेकडे, विद्यापीठाच्या बाजूला वीज गेली आहे. मार्लीसला वाटलं, हौदांत हवा सोडणारे पंप बंद पडले असतील, ऑर्विल जिन्यात धडपडले असतील. तिने गाडी वळवली.

पोचली तेव्हा वीज होती, सगळं सुरळीत चालू होतं. ऑर्विल घरी झोपलेले. मासे तळाशी संथ फिरत होते. भिंतीला टेकून ती रागाने रडली. सोमवारी ती कामावर हजर झाली नाही, तेव्हा ती जागा दुसऱ्याला गेली.

पुढे ती पहाटे एका बेकरीत करंजीसारख्या मांसाच्या पॅस्टी भरू लागली आणि दुपारी हौद धुऊ लागली.

बर्फ वितळताना निकाल आला. ऑर्विलनी तो दोनदा वाचला.

"प्राण्यांच्या देखभालीचा खर्च मंजूर," ते चाचरत म्हणाले. "विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाचा... नामंजूर."

"म्हणजे माशांचं भागलं."

"मार्लीस, मी माझ्या खिशातून—"

"नको हो. उपकार करून मला इथे आणखी अडकवू नका."

तिला हसू आलं, आणि ते लवकर थांबेना. मग तिने डोळे पुसले, अंगात रबरी ॲप्रन चढवला आणि खाद्याची बादली उचलून ती खाली गेली.