चौथा चौकोन

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या अख्ख्या टीमला माहीत होतं. कुणी उशिरा उठली, कुणाचा पाय रेघेवर पडला, की मी तिथल्या तिथं तिचा उद्धार करायचे. इंद्रजीत सर म्हणायचे, तनुजाच्या पायापेक्षा तोंड जास्त पळतं. बाकीच्या पोरी फुगून बसायच्या. विशाखा तेवढी हसायची. म्हणायची, "तू देत राहा गं शिव्या, मला पळायला बरं पडतं."

सातवीपासून आम्ही दोघी बजाजनगरच्या मैदानावर खो-खो खेळतोय. खो-खो कळत नाय असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाय, तरी सांगते. आठ जणी ओळीनं चौकोनात बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. नववी समोरच्या टीममधल्या पळतीच्या मागं धावते, पण तिला मधली ओळ ओलांडायची परवानगी नाय. पळती पलीकडं सटकली की समोर जिची पाठ दिसंल तिच्या पाठीवर हात मारायचा, खो म्हणायचं, ती उठून धावणार आणि आपण तिच्या जागी बसणार. खो मिळाल्याबिगर उठता येत नाय. उठलं की फाऊल. बसलेलीनं नुसती वाट बघायची, पाठीमागं डोळे नसताना. विशाखाची जागा ठरलेली, चौथा चौकोन.

सप्टेंबरातली गोष्ट. सकाळचा सराव होता आणि उकाडा असा, की नुसतं उभं राहिलं तरी पाठ भिजायची. आमच्यातच दोन टीम पाडून खेळत होतो. मी सोनियाच्या मागं होते. तिनं हूल दिली आणि पलीकडं गेली. माझ्यासमोर विशाखाची पाठ. मी तळहात मारला, खो म्हणाले. एरवी तिला खो दिला की माझा हात उचलायच्या आत ती चार पावलं पुढं गेलेली असायची. त्या दिवशी ती हललीच नाय.

माझं डोकं सटकलं. मी परत मारला, चांगला जोरात, आणि ओरडले, "ऊठ की, मेलीस का?"

ती तशीच पुढं कलंडली. तोंड मातीत गेलं.

हा शब्द आम्ही दिवसातून वीस वेळा एकमेकींना म्हणतो. मेलीस का, मर तिकडं, कुठं मेली होतीस एवढा वेळ. कुणाला काही होत नाय. त्या दिवशी तो माझ्या तोंडातून गेला तेव्हा तिचं काळीज खरंच थांबलेलं होतं.

गोकुळ काका मैदानाला फेऱ्या मारत होते. ते वाळूजच्या एका कंपनीत सेफ्टीला होते, म्हणून असल्या वेळी काय करायचं ते त्यांना येत होतं. त्यांनी तिला उताणी केलं आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागले. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. एकशे आठची गाडी येईपर्यंत ते थांबले नाहीत. गाडीतल्या लोकांनी करंट दिला, दुसऱ्यांदा दिला तेव्हा तिच्या पायाची बोटं हलली. तेवढा सगळा वेळ मी उजवा हात पाठीमागं घेऊन उभी होते. कुणाला दिसू नये असं वाटत होतं, का ते सांगता यायचं नाय.

उस्मानपुऱ्यातल्या हार्टच्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. काळजात जन्मापासून एक जादा तार होती, तिच्यातून ठोके भलत्याच वाटेनं गेले. मांडीतून नळी घालून त्यांनी ती तार जाळली. डिसेंबरात विशाखाला दवाखान्यातल्या चालत्या पट्ट्यावर पळवलं, ठोके मोजायची चोवीस तासांची मशीन छातीला लावली, सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टर म्हणाले, "खेळू द्या. हमी तर कुणाचीच देता येत नाही, तुमची नाही न् माझीही नाही. पण हिला घरी बसवायला माझ्याकडं कारण नाही."

जानेवारीत विभागीय स्पर्धा होती. तिथून राज्याची टीम निवडणार होते, आणि वयाच्या हिशोबानं विशाखाची ही शेवटची खेप. राज्याच्या टीममध्ये जायचं हे तिनं सातवीत वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. ती वही मी पाहिलेली आहे. पण तिची आई, रत्नमाला मावशी, फॉर्मवर सही करीना. विशाखानं दोन दिवस जेवण सोडलं. शेवटी मला बोलावणं आलं.

"जयभीम मावशी," म्हणत मी गेले. मावशी कंपनीच्या कॅन्टीनमधून नुकतीच आलेली, मनगटापर्यंत पीठ तसंच होतं.

"तनू, डॉक्टर काय, ते कागद बघून बोलतेत," ती म्हणाली. "तू तिथं होतीस. तू डोळ्यांनी बघितलं. तू म्हणशील तसं करते."

मला नको म्हणायचं होतं. खरंच सांगते, घरातून निघताना मी तेच ठरवून निघाले होते. पण विशाखा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. आणि माझं हे फटकळ तोंड नेमकं त्या दिवशी गोड झालं.

"पाठवा मावशी," मी म्हणाले. "मी हाय ना."

"मग तुझ्या भरवशावर पाठवते. लक्ष ठेव बाई माझ्या लेकरावर." तिनं हात धुतले आणि सही केली. विशाखानं माझी मान अशी आवळली की मीच गुदमरले.

सरावाला दोन आठवडे मिळाले. सर बाहेरून नाव घेऊन ओरडायचे, विशाखाला खो दे, मग द्यावाच लागायचा. पण दिला तरी कसा, तर दोन बोटं टेकवल्यासारखा. विशाखा वैतागायची. "नवरीला हळद लावताय का गं? मारा की नीट." सगळ्या हसायच्या. मीपण हसायचे. तिच्या पाठीवर टी-शर्टाच्या आत घाम आलेला दिसायचा आणि मी दुसरीकडं बघायचे.

उपांत्य सामना परभणीच्या टीमशी होता. आधी आमची पळायची पाळी होती. विशाखा पहिल्याच तुकडीत उतरली आणि दोन मिनिटं चाळीस सेकंद पळाली. दोन मिनिटं चाळीस! खांबाला वळसे घालत, त्यांच्या पोरींना मातीत लोळवत. बाहेर आली तेव्हा धापा टाकत हसत होती. मी तिला पाणी दिलं, तिच्या गळ्याजवळची शीर उडताना बघत बसले, आणि म्हटलं, झालं, ही बरी झाली. मनातून सगळं गेलं असं मला वाटलं.

मग आमची बसून टिपायची पाळी आली. नऊ मिनिटं. जिंकायला नऊ गडी टिपायचे होते, आठ टिपले तर बरोबरी आणि जादा डाव.

आम्ही काही ठरवलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते, एक शब्द कुणी कुणाशी बोललं नव्हतं. पहिलं मिनिट गेलं तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाय. कॅप्टन करुणा चौथ्या चौकोनाच्या मागं होती, पळती समोरच होती, आणि करुणानं दोन पावलं जास्त टाकून सहाव्यातलीला खो दिला. मला वाटलं चुकली. मग सोनियानं तेच केलं. मग मी. माझे पाय आपोआप पुढं गेले, मी विशाखाला ओलांडून दुसरीच्या पाठीवर हात मारला आणि खाली बसले तेव्हा मला कळलं, की आपण सगळ्याच एक काम करतोय.

ती पळत होती तेव्हा तिचं ती बघत होती. तिला काही झालं असतं तर ते तिच्या नशिबानं झालं असतं. खो मात्र आमच्या हातानं द्यायचा होता. प्रत्येकीच्या मनात एवढंच होतं, की कुणीही देवो, माझ्या हातानं नको.

परभणीच्या पोरी काही येड्या नव्हत्या. चौथ्या मिनिटापर्यंत त्यांनी ओळखलं. त्या चौथ्या चौकोनाजवळच घुटमळायला लागल्या, इकडून तिकडं, तिकडून इकडं, अंगणात फिरल्यासारख्या. विशाखाच्या नाकासमोरून जायच्या. बाहेरून सर ओरडत होते, "विशाखाला खो! अगं विशाखाला द्या!" त्यांचा आवाज फाटला. विशाखा एक गुडघा वर, बोटं जमिनीला टेकलेली, अशी उठायच्या तयारीत बसलेली होती. मान वळवली नाय. नऊ मिनिटं ती तशीच होती.

सात गडी झाले होते आणि वीसेक सेकंद उरले होते. खो मला मिळाला. माझ्यापुढची पळती दमलेली होती, तिचे पाय जड पडत होते. ती विशाखाच्या समोर आली आणि घसरली. हातभर अंतर. विशाखाच्या मागं मी. नुसता हात टेकवला असता, एवढंसं खो म्हणाले असते, तर विशाखा बसल्या जागेवरून झेपावून तिला शिवली असती. ऊन माझ्या पाठीवर होतं. मी हात वर केला.

ती पाठ तीच होती. तोच मणका, तोच केसांचा बुचडा. माझ्या घशात खो आला आणि त्याच्या मागून तो दुसरा शब्द आला, आणि दोन्ही तिथंच अडकले.

मी पुढं पळाले. पाचवीला ओलांडलं, सहाव्या चौकोनात खो दिला. तोवर पळती उठून निघून गेली होती. शिट्टी वाजली.

आम्ही एका गड्यानं हरलो. पोरी पाण्याकडं गेल्या. सगळ्या चौकोनांच्या फक्कीच्या रेघा पायांनी पुसल्या गेल्या होत्या, पांढरं-लाल सगळं एक झालं होतं. चौथ्याच्या रेघा सकाळी मारल्या तशा होत्या. विशाखा अजून तिथंच बसलेली होती. मी तिच्याजवळ गेले.

"शेवटी तू होतीस ना माझ्या मागं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मला सावली दिसली. हात वर होता तुझा."

मी तो हात पाठीमागं घेतला.

"डॉक्टर जा म्हणाले," विशाखा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, वेळ विचारावी तसा. "आई जा म्हणाली. मी पळूनपण दाखवलं. तुमच्या लेखी मी अजून तिथंच पडलेली हाय, तोंड मातीत घालून."

"विशे, मला भ्या वाटलं गं."

"मला नव्हतं वाटत," ती म्हणाली. "बसल्या बसल्या वाटायला लागलं. तुम्ही आठ जणी खोटं कशाला करताल? म्हटलं, ह्यांना माझ्यातलं काहीतरी दिसत असंल, जे डॉक्टरला दिसलं नाय."

मग ती उठली, कपड्यांवरची माती झटकायला हात नेला आणि थांबली. झटकायला माती नव्हतीच.

त्यानंतर ती मैदानावर आली नाय. सरांनी दोन फेऱ्या मारल्या, फोन केले. मी एकदाही केला नाय. काय म्हणणार होते? मग पंधरा दिवसांनी पौर्णिमा होती, मावशीचा फोन आला, "खीर केलीय, ये. तू आल्याशिवाय मी खाणार नाय." नाय म्हणायला तोंड नव्हतं.

विशाखा दाराकडं पाठ करून जमिनीवर मेथी निवडत बसली होती. मी आल्याचं तिला कळलं, तिचे हात क्षणभर थांबले. मावशीनं माझ्या हातात वाटी दिली आणि माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

"तू शब्द पाळलास गं बाई," ती म्हणाली. "एवढी मोठी मॅच खेळून आली, पण गुडघ्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. मी पाय धुताना बघितले ना. नाहीतर दरवेळी सोलून यायची. तू कशी सांभाळलीस तिला, ते मला काय सांगायला पाहिजे व्हय?"

खीर गरम होती. मी चमचा तोंडात घातला आणि तसाच धरून ठेवला.

"आता तर तीच म्हणती, नाय खेळायचं," मावशी हळू आवाजात म्हणाली, पण खोली केवढी, सगळं ऐकू जाणारच. "मी अडवलं नाय, तुम्ही अडवलं नाय. तिचं तिलाच उमगलं. बरं झालं. मी आता रात्रीची निवांत झोपते." आणि ती चहा टाकायला आत गेली.

बाहेर मैदानावर पोरांचा आरडाओरडा चालला होता. मी वाटी खाली ठेवली. दोन पावलांवर तिची पाठ होती. ह्यावेळी घाई नव्हती, शिट्टी वाजणार नव्हती, बघणारं कुणी नव्हतं. मी वाकले आणि पूर्ण तळहात तिच्या पाठीवर ठेवला, खेळात ठेवायचा तसा, नीट. आतले ठोके हाताला लागत होते. एकसारखे, चांगले.

"खो," मी म्हणाले.

तिनं मेथीची पुढची काडी उचलली, पानं खुडून ताटात टाकली. ती उठली नाय.