पिवळ्या चादरींचा पत्रव्यवहार

मुलाखत देऊन आल्यावर चोवीस तासांच्या आत समोरच्याला आभाराचं पत्र पाठवायचं असतं, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. सांगितलं माझ्या लेकीनं. ती एका कंपनीत माणसं भरती करण्याच्या खात्यात आहे, त्यामुळे घरातसुद्धा ती अधूनमधून माझी मुलाखतच घेते.

"तीन ओळी, आई. वेळ दिल्याबद्दल आभार, कामात रस आहे, निर्णय कळवा. बास. चौथी ओळ कुणी वाचत नाही."

"आभार कशाचे? पाऊण तास बाहेर ताटकळत बसवलं मला."

"ते लिहू नकोस म्हणजे झालं."

एकोणीस वर्षं मी एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर होते. हॉटेल बंद पडलं, मालकाने हात वर केले आणि आम्ही सगळ्या घरी बसलो. नंतर सात ठिकाणी अर्ज केले. सहा जणांनी माझं वय वाचून कागद बाजूला सारला असणार, कारण साधी पोचही आली नाही. सातवं हे हॉस्पिटल, तिथेही लॉन्ड्रीला सुपरवायझर हवी होती. तिथलं काम हुकलं तर मी कायमची घरी बसले, हे मला नीट ठाऊक होतं.

मुलाखत घेतली तिथल्या व्यवस्थापकाने. चाळिशीचा, टापटीप, सारखं घड्याळ बघणारा. बोलणं झाल्यावर त्याने मला लॉन्ड्री दाखवली. इस्त्रीच्या रोलरमधून चादरी बाहेर येत होत्या आणि एक पोक्त बाई त्यांच्या घड्या घालत होत्या. मी एका चादरीचा कोपरा हातात धरला. कोमट, खरखरीत, कडेला पिवळट. चादरीतला धुण्याचा सोडा पुरता निघाला नव्हता आणि रोलरच्या उष्णतेने तो कापडातच भाजत होता.

"मशिनी जुन्या झाल्यात," व्यवस्थापक म्हणाला. "दुसरं काय!"

मशिनी आमच्या हॉटेलपेक्षा चांगल्या होत्या. पण लेकीने बजावलं होतं की चुका काढू नकोस, म्हणून मी तोंड शिवून उभी राहिले. घड्या घालणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही कळत होतं. त्यांना कुणी विचारत नव्हतं, एवढंच.

घरी येऊन तीन ओळी लिहायला बसले आणि दोन पानं झाली. ड्रम गच्च भरू नका, वर वीतभर जागा ठेवा. सोडा कमी करा. एक पाणी जास्त द्या. शेवटच्या पाण्यात सोडा तपासायच्या औषधाचे दोन थेंब टाका, पाणी गुलाबी झालं तर सोडा उरलाय असं समजा आणि पुन्हा खळबळा. लेकीला न विचारताच पाठवून दिलं.

संध्याकाळी तिने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "आई, तू त्यांना उत्तर देऊन टाकलंस! आता तुला कशाला घेतील?"

"मग काय, पेशंटना तसल्या चादरींवर झोपू देऊ?"

"आधी नोकरी तर घे. मग झोपव त्यांना कशावरही."

यांचं मात्र वेगळंच. माझे हे रिटायर झाल्यापासून बारा महिने तेरा काळ सोफ्यावर असतात. तिथूनच म्हणाले, "दोन पानंच? माझ्याशी भांडताना तर चार तरी होतात."

आणि दुसऱ्या दिवशी चक्क उत्तर आलं! 'आपल्या सूचना अत्यंत उपयुक्त वाटल्या. रक्ताचे डाग पूर्ण जात नाहीत, त्याबद्दल काही सांगू शकाल का?' मी फोन लेकीच्या नाकासमोर नाचवला. तिने फक्त खांदे उडवले.

मी लगेच लिहिलं. आधी गार पाणी, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. खाली एक ओळ जोडली, 'पदाबाबतचा निर्णय कळवावा.' पुढचं पत्र आलं, त्यात उशांचे अभ्रे का विरतात असा प्रश्न होता. माझ्या ओळीला उत्तर नव्हतं. ब्लीच किती आणि किती वेळ ठेवायचं ते मी कळवलं, खाली पुन्हा तीच ओळ. मग विचारलं, पहाटेच्या पाळीला माणसं पुरत नाहीत, काय करावं? वॉर्डातच कपडे वेगळे करून पिशव्यांत भरा, मी लिहिलं, दोन माणसांचं काम वाचेल. इतक्या मोठ्या जागेत निर्णय एकट्याचा नसतो, वेळ लागायचाच, अशी मी माझी समजूत घालत होते. सकाळी चहाआधी फोन बघायचे. जीव नुसता टांगणीला लागला होता.

चौथ्या पत्रात त्याने विचारलं, शेवटच्या पाण्याची तपासणी रोज कुणी करावी?

इथे मी माती खाल्ली. त्या घड्या घालणाऱ्या बाई माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी लिहिलं, 'रोलरवरच्या बाईंना कापड कळतं. त्यांना थेंब टाकायला शिकवा आणि पाणी गुलाबी झालं तर मशीन थांबवायचा अधिकार द्या. त्याला सुपरवायझरच हवी असं नाही.' लिहिताना मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. एका बाईचं भलं केलं म्हणून.

त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. मग उत्तर आलं. लेक शेजारीच होती, तिनेच वाचून दाखवलं.

'आपण सुचवल्याप्रमाणे कामाची घडी बसवली आहे. चादरींबद्दलच्या तक्रारी थांबल्या. तपासणीचं काम रोलरवरील ज्येष्ठ कर्मचाऱ्यांकडे सोपवल्याने सुपरवायझरचं पद भरण्याची आता आवश्यकता उरलेली नाही. आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. ता. क. वॉर्डातल्या पडद्यांवर बुरशीचे काळे ठिपके येत आहेत. काही उपाय?'

"निर्लज्ज!" लेक म्हणाली. "त्या बाईंचा पगार तरी वाढवला का, विचार त्याला. आणि उत्तर द्यायचं नाही, सांगून ठेवते."

ती ऑफिसला गेल्यावर मी उत्तर लिहायला घेतलं. मुद्दाम चुकीचं. पडदे उकळत्या पाण्यात टाका, तिप्पट ब्लीच घाला. चार धुण्यांत पडद्यांच्या चिंध्या झाल्या असत्या. पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि तिथेच अडलं. सगळं पुसलं. मग खरं काय ते लिहिलं, पडदे ओलसर असताना घडी करू नका इथपासून सगळं, आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी लेकीला कळलं. "का दिलंस, आई?"

"पेशंटच्या छातीत जाते गं ती बुरशी," मी म्हटलं.

तिला ते पटलं. पण ते खोटं होतं. मला एखादी गोष्ट येते, असं समजून मला काही विचारणारा जगात तो एकच माणूस उरला होता.