रूपलने ऐकलेला आवाज

मित्रांनो, मी छताला टांगलेला एक जुना पंखा आहे. धुळ्यातल्या ज्ञानचंद शेठजींच्या कापड दुकानात मी बत्तीस उन्हाळे फिरलो. पूर्वी गिऱ्हाईक आत येताच म्हणे, "काय छान वारा आहे!" पुढे माझ्या पात्यांवर धूळ साचली आणि वर कोणी बघेनासे झाले.

बघायची फक्त रूपल, शेठजींची नऊ वर्षांची नात. ती स्वमग्न आहे. ती कमी बोलते, नजरेला नजर देत नाही, मोठा आवाज तिला सोसत नाही. शाळा सुटली की गादीवर उताणी पडून ती माझे फिरणे निरखत असे.

"हिला घरीच ठेव," शेठजी सुनेला, म्हणजे चेलनाला सांगत. "लोक बघतात."

मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या दांड्याचा नट सुटला. दर फेरीला बोल्ट थोडा थोडा बाहेर सरकू लागला. माझ्या खाली साक्रीच्या धुरपदाबाई लग्नाचा बस्ता बांधायला बसल्या होत्या. मांडीवर तान्हा नातू झोपलेला. मी घाबरलो, पण सांगणार कसा?

रूपल ताडकन उठली. "पंखा वेगळा वाजतोय."

तिने बटण बंद केले. शेठजींनी चालू केले. तिने पुन्हा बंद केले. त्यांनी तिचा हात धरून ते पुन्हा चालू केले, तशी ती किंचाळू लागली.

"चेलना, ने हिला!"

चेलना धावत आली. तिने लेकीकडे पाहिले आणि बटण बंद करून त्यावर तळहात ठेवला. "पप्पाजी, आवाजातला फरक हिला आपल्याआधी कळतो. एकदा बघून तर घ्या. मावशी, तुम्ही बाजूला व्हा."

दुकानातले भटूभाऊ स्टुलावर चढले आणि त्यांचा चेहरा उतरला. "शेठजी, नटच नाही! बोल्टचं नुसतं टोक अडकलंय."

धुरपदाबाईंनी बाळाला छातीशी घट्ट धरले. "हाई पोर शे म्हणीसन वाचनूत आम्ही!" ही पोर आहे म्हणून वाचलो, असे त्या अहिराणीत म्हणत राहिल्या.

शेठजी रूपलशेजारी, पण तिला न शिवता बसले. "बेटा, आवाज कसा येत होता?"

रूपल माझ्याकडे बघतच सांगू लागली. आधी कसा होता, मग कसा झाला, सगळे. गिऱ्हाईक ताटकळले, पण शेठजी उठले नाहीत.

मित्रांनो, रूपलसारखे कोणी तुमच्या वर्गातही असेल. त्याला हसू नका, घाई करू नका. त्याला काय दिसते, काय ऐकू येते, ते विचारा. रूपलने त्या दिवशी जीव वाचवले, म्हणून तिचे कौतुक झाले. पण काहीच घडले नसते, तरीही तिचे म्हणणे ऐकण्यासारखेच होते.